जुन्या झाडाची निगा: आधी बुंधा, मग माती, करवत सगळ्यात शेवटी

घराच्या आवारातलं जुनं झाड खंगायला लागलं की आपली नजर वर जाते. शेंड्याकडच्या चार फांद्या वाळलेल्या दिसतात, घरावर पडतील म्हणून जीव धास्तावतो, आणि पहिला फोन जातो तो झाडं तोडणाऱ्याला. तो येतो, डेरा निम्म्यावर आणतो, आवार उजेडाने भरून जातं. दोन-तीन वर्षांत झाड आणखी वाळतं आणि सगळे म्हणतात, वयच झालं होतं त्याचं.

बऱ्याचदा कारण वय नसतं. मुळं गुदमरलेली किंवा तुटलेली असतात, तीही काही वर्षांपूर्वी आपणच केलेल्या कामामुळे. आमच्या आवारातल्या चिंचेच्या एका बाजूने पाण्याच्या पाइपसाठी चर खणला होता. चर बुजला, वर गवत आलं, आम्ही विसरलो. चौथ्या वर्षी नेमका त्याच बाजूचा डेरा विरळ झाला. मोठ्या झाडाकडे साठवलेलं अन्न असतं, म्हणून मुळांवरचा घाव वर दिसायला एवढा वेळ लागतो. आणि तो दिसतो तेव्हा आपण करवत घेऊन झाडाचं अन्न तयार करणारी पानंच कमी करतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. खाली दिला आहे त्याच क्रमाने जा. मधला टप्पा गाळून थेट छाटणीवर उडी मारू नका.

## सुरू करण्याआधी

फार सामान लागत नाही. सुतळीचं बंडल, मोजपट्टी, लाकडी मोगरी (लोखंडी हातोडा नको, साल फुटते), बोटाएवढी जाड आणि हातभर लांब सळई, असली तर दुर्बीण, एक वही आणि फोनचा कॅमेरा.

झाडाचे चार दिशांनी पूर्ण फोटो काढा. कुठे उभं राहून काढले ते वहीत लिहा, कारण पुढच्या वर्षी त्याच जागेवरून काढायचे आहेत. मग घरातल्या जुन्या माणसांना, शेजाऱ्यांना विचारून गेल्या दहा वर्षांत झाडाभोवती काय काय झालं ते लिहून काढा: खोदकाम, भराव, फरशी, कुंपणाची भिंत, गाडी लावायची बदललेली जागा, नवीन हिरवळ. रोगाची चिन्हं शोधण्याआधी ही यादी वाचा. निम्म्या वेळा उत्तर इथेच सापडतं.

आणखी एक. बऱ्याच ठिकाणी मोठं झाड स्वतःच्या आवारात असलं तरी ते तोडायला, कधी कधी नुसतं छाटायलाही, स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते. ती चौकशी आत्ताच करा. झाड शेजाऱ्याच्या हद्दीत झुकलं असेल तर त्यांच्याशीही आधीच बोला.

## टप्पा १: झाड आज धोक्याचं आहे का

मातीची सेवा फळायला एक-दोन वर्षं जातात. तेवढा वेळ झाडाकडे आहे का, हे आधी ठरवा. वारं नसलेल्या दिवशी, सकाळच्या उजेडात, बुंध्यापासून सुरुवात करून वर जा.

बुंधा. निरोगी जुन्या झाडाचा बुंधा मातीत शिरताना हत्तीच्या पायासारखा पसरतो आणि जाड मुळं सगळीकडे फाकलेली दिसतात. बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ मातीत गेलेला दिसला, तर कधीतरी तिथे भराव पडला आहे. बुंध्यावर किंवा मुळांवर कानासारखी, थरांची, लाकडासारखी टणक बुरशी दिसली तर फोटो काढा. अशी बुरशी बाहेर दिसते तोवर आतलं लाकूड बरंच कुजलेलं असू शकतं. ती उपटून टाकल्याने काही साधत नाही, उलट तज्ज्ञाला ओळखायला लागणारी खूण जाते.

खोड. मोगरीने खोडावर सर्व बाजूंनी, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत, वीतभर अंतराने ठोका आणि कान लावून ऐका. घट्ट लाकडाचा आवाज आखूड, कोरडा येतो. पोकळ जागी तो घुमतो, दारावर थाप मारल्यासारखा. घुमणाऱ्या जागा खडूने घेरा. सगळ्या खुणा एकाच बाजूला जमतात की विखुरलेल्या राहतात, हे लगेच नजरेस येतं. नुसती साल सुटलेली असेल तर आवाज खुळखुळ्यासारखा, उथळ येतो. त्याला पोकळी समजू नका.

ढोली आहे म्हणून झाड लगेच पडणार, असं समजू नका. जुन्या खोडाचा गाभा हे बहुतांशी मृत लाकूड असतं. तो झिजला तरी भोवतालची घट्ट भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाड असेल तर खोड सहसा तग धरतं. हा ढोबळ अंदाज झाला. ढोलीचं तोंड मोठं असेल किंवा खोडाला उभी चीर असेल तर तो लागू पडत नाही.

बेचकं. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वर गेल्या असतील तर मधली साल आत दबते आणि जोड कच्चा राहतो. बेचक्याखाली ताजी चीर, गंजासारखा ओघळ किंवा दोन्ही बाजूंना फुगलेले कान दिसले तर ती जागा वहीत लाल पेनाने लिहा.

झुकाव. जन्मापासून झुकलेल्या झाडाचा शेंडा उजेडाकडे वळून सरळ झालेला असतो. असं झाड दशकानुदशकं उभं राहतं. सगळं झाड, शेंड्यासकट, एका रेषेत कललं असेल आणि मागच्या बाजूला माती उचललेली किंवा चिरलेली असेल, तर ते झाड नुकतं हललं आहे.

> सावधान: माती उचललेली, खोडाला आरपार नवी चीर, तुटून लटकलेली मोठी फांदी, किंवा बुंध्याजवळ बुरशी आणि त्याच बाजूला कुजलेली मुळं, यांपैकी एकही दिसलं तर इथेच थांबा. झाडाखालची ये-जा बंद करा आणि त्याच दिवशी वृक्षतज्ज्ञाला बोलवा. पुढचे टप्पे त्यानंतर.

## टप्पा २: मुळांचं क्षेत्र आखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण मुळांचं चित्रच आपल्या मनात चुकीचं असतं. वर जेवढं झाड तेवढंच खाली, गाजरासारखं खोल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर मातीत आडवी पसरलेली असतात आणि डेऱ्याच्या बाहेरही बरीच लांब जातात. बुंध्याजवळची जाड मुळं झाड उभं धरतात. त्याला जेवू घालणारी केसासारखी बारीक मुळं दूर, अगदी गाडी उभी करता त्या जागेखाली असतात.

क्षेत्र आखायला आकडेमोड नको. जमिनीपासून साधारण १.४ मीटर उंचीवर सुतळी खोडाभोवती एकदा गुंडाळा आणि तेवढीच कापा. हा झाला घेर. आता ती सुतळी बुंध्यापासून बाहेरच्या दिशेने एकामागे एक पाच वेळा टाका. जिथे पोहोचाल तिथे खुंटी ठोका आणि सगळ्या बाजूंनी असं करून वर्तुळ पुरं करा. २ मीटर घेराच्या झाडाला १० मीटरची त्रिज्या येते. तज्ज्ञ जुन्या झाडासाठी खोडाच्या व्यासाच्या १५ पट त्रिज्या राखायला सांगतात. घेराच्या पाचपटीने जवळपास तेवढंच अंतर येतं.

वर्तुळ घराच्या भिंतीला, रस्त्याला, शेजारच्या आवारात जाऊन भिडेल. भिडू द्या. तुमच्या हातात जेवढा भाग आहे तेवढा राखायचा.

> तपासा: या वर्तुळात येत्या वर्षात काही खणायचं, ओतायचं किंवा बांधायचं ठरलं आहे का? असेल तर आराखडा आत्ता बदला. पाइप किंवा केबल नेणं टळतच नसेल तर चर न खणता मुळांच्या खालून बोगद्यासारखं भोक पाडून नेता येतं का, हे विचारा. खणावंच लागलं तर यंत्राऐवजी हाताने, मुळं दिसतील तशी वाट काढत खणा.

## टप्पा ३: माती मोकळी करा

सळई ओलसर मातीत हाताने दाबून पाहा. १०-१५ सेंटिमीटर सहज गेली तर माती ठीक आहे. अंगठा दुखेपर्यंत दाबूनही शिरली नाही तर ती दडपलेली आहे आणि तिथल्या मुळांना ना हवा मिळते ना पाणी. दहा-बारा ठिकाणी पाहून वहीत वर्तुळाचा ढोबळ नकाशा काढा आणि त्यावर खुणा करा. गाडीची वाट आणि नेहमीची पाऊलवाट लगेच ओळखू येतील.

आता क्रमाने:

१. वर्तुळातलं गाड्या लावणं, वाळू-विटांचे ढीग आणि सामान टाकणं बंद करा. माती एकदा दडपली की ती मोकळी व्हायला वर्षं जातात, म्हणून नवा दाब थांबवणं सगळ्यात आधी.

२. बुंध्यावर चढलेला भराव हाताने, खुरप्याने काढा. जिथे खोड पसरायला लागतं तो भाग उघडा व्हायला हवा. कुदळ किंवा पहार इथे चालवू नका, साल सोलली जाते. बुंध्याला करकचून वेढणारं एखादं मूळ दिसलं तर लगेच कापू नका. ते पेन्सिलएवढं असेल तर कापा. मनगटाएवढं जाड असेल तर तज्ज्ञाला दाखवा, कारण जुन्या झाडात तेच मूळ आता भार पेलत असू शकतं.

३. बुंध्याला भिडलेली फरशी, काँक्रीट आणि सिमेंटचा कट्टा हळूहळू मागे सरकवा. सगळं एकदम उखडू नका. खालची बारीक मुळं एकाएकी उघडी पडून वाळतात. एक पट्टा काढा, त्याच दिवशी त्यावर पालापाचोळा पसरा, मग पुढचा.

४. माती फार घट्ट असेल तर संपूर्ण क्षेत्र खणून काढण्याचा मोह टाळा. नांगरल्यासारखं खणलं की उरलेली मुळंही जातात. हवेच्या दाबाने माती उडवणारं यंत्र मिळालं तर उत्तमच, त्याने मुळं शाबूत राहतात. नाहीतर पुढच्या टप्प्यातल्या आच्छादनावर आणि गांडुळांवर विश्वास ठेवा. ते सावकाश काम करतात, पण पक्कं करतात.

> नेहमीची चूक: उघडी पडलेली मुळं वाईट दिसतात म्हणून त्यांवर मातीचा भराव टाकणं. १५ सेंटिमीटरचा घट्ट थरही मुळांची हवा तोडू शकतो. झाकायचंच असेल तर पाचोळ्याने.

## टप्पा ४: आच्छादन आणि पाणी

वाळकी पानं, बारीक केलेल्या फांद्या, सालीचा चुरा, जे मिळेल ते वर्तुळात ५ ते १० सेंटिमीटर जाड पसरा. याच झाडाची पानं सगळ्यात चांगली. ती गोळा करून जाळण्याची किंवा बाहेर देण्याची सवय म्हणजे झाडाच्या तोंडचा घास दरवर्षी काढून घेणं आहे, आणि मला हे मनापासून खटकतं.

बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. पाचोळ्याचा ढीग खोडाला टेकवला की साल कायम ओली राहते, कुजते, वाळवीला आडोसा मिळतो.

पाण्याचंही तेच. नळी बुंध्याशी सोडून ठेवण्यात अर्थ नाही, शोषणारी मुळं तिथे नसतात. डेऱ्याच्या कडेला आणि त्याबाहेर, हळूहळू, माती किमान ३० सेंटिमीटर भिजेल इतकं द्या. दुसऱ्या दिवशी सळई टोचून किती खोल सहज जाते ते पाहा. लांबलेल्या कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांतून एकदा असं पोटभर पाणी पुरतं. रोजचा शिडकावा फक्त वरची माती ओली करतो.

कोरड्या जमिनीत वाढलेल्या जुन्या झाडाखाली रोज पाणी मागणारी हिरवळ लावणं हा मोठा घात आहे. सतत ओल्या मातीत मूळकूज धरते. झाडाखालचं गवत काढून तिथे पाचोळा आणला तर दोघांतली पाण्याची ओढाताणही संपते.

खत? मातीची तपासणी न करता देऊ नका. नत्राचा मारा झाला की कोवळी लुसलुशीत पालवी फुटते, तिच्यावर किडी तुटून पडतात आणि झाडाचा साठा वाढीतच संपतो. तणनाशक मात्र या वर्तुळात अजिबात नको.

## टप्पा ५: फांदीखालच्या वस्तू हलवा

झाडाचा धोका दोन गोष्टींनी बनतो: काय पडू शकतं आणि खाली काय आहे. दुसरी गोष्ट बदलणं पुष्कळदा सोपं असतं. बाक, झोपाळा, गाडी, मुलांची खेळायची जागा जुन्या जड फांदीखालून सहा हात बाजूला नेली की ती फांदी कापण्याचं कारणच उरत नाही. करवत हातात घेण्याआधी प्रत्येक फांदीबद्दल हा प्रश्न विचारा.

## टप्पा ६: छाटणी, जेवढी लागेल तेवढीच

झाड माणसासारखी जखम भरून काढत नाही. १९७७ साली अ‍ॅलेक्स शायगो आणि हॅरल्ड मार्क्स यांनी मांडलं तसं, ते कुजलेला भाग आतून भिंती घालून वेगळा पाडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. जुन्या झाडाकडे या भिंती बांधायला ताकद कमी असते. म्हणून जुन्या झाडावर १० सेंटिमीटरपेक्षा जाड जिवंत फांदी शक्यतो कापूच नये आणि एका वेळी दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त पर्णभार उतरवू नये.

आधी वाळलेल्या, तुटलेल्या, लटकलेल्या फांद्या. त्या कधीही काढता येतात. त्यानंतर, खरोखर गरज असेल तरच, जड आडव्या फांदीच्या टोकाचं वजन कमी करा. त्यासाठी टोक मागे एका जिवंत उपफांदीपर्यंत कापा, आणि ती उपफांदी कापलेल्या भागाच्या किमान एक तृतीयांश जाडीची असू द्या. जिवंत छाटणी नवी पालवी फुटत असताना करू नका. त्या वेळी झाडाचा साठा सगळ्यात कमी असतो.

जाड फांदी तीन कापांत काढतात:

१. खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, खालून, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश.

२. त्याच्या थोडं बाहेर, वरून, फांदी पडेपर्यंत. खालचा काप असल्याने साल खोडापर्यंत सोलत जात नाही.

३. उरलेला खुंट. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर गळपट्टा दिसतो. काप त्याच्या लगेच बाहेर घ्या. बोट फिरवून पाहिलं तर तो उंचवटा हाताला कळतो. गळपट्टा कापला तर कूज खोडात शिरते. लांब खुंट ठेवला तरी जखम बंद होत नाही.

वाळलेल्या फांदीभोवती जिवंत गळपट्टा कधी कधी हातभर पुढे सरकलेला असतो. तिथे काप त्या जिवंत कडेच्या बाहेरच.

कापल्यावर रंग, डांबर, सिमेंट काही लावू नका. काही ठरावीक रोगांचा अपवाद सोडला तर लेपाने कूज थांबत नाही, उलट लेपामागे ओल धरते. ढोलीत काँक्रीट भरणं आणि साचलेलं पाणी काढायला भोक पाडणं, हे दोन्ही सोडून द्या. काँक्रीट वाऱ्यात झाडाबरोबर लवत नाही आणि आतून लाकूड घासतं. भोक पाडताना झाडाने घातलेली भिंत फुटते.

> करू नका: शेंडा उडवणं. तुटलेल्या टोकांवर झाडूसारखे फुटवे येतात. ते वरवर चिकटलेले असतात, भराभर वाढतात आणि खालची कूज वाढली की तेच वाऱ्यात निसटतात. धोका कमी करायला म्हणून केलेलं काम काही वर्षांत धोका वाढवतं. डेऱ्याच्या आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला पानांचे झुबके ठेवणंही तितकंच वाईट. सगळा भार टोकाला जातो.

> जिवाची काळजी: शिडी आणि यांत्रिक करवत एकत्र कधीही नाही. करवत खांद्यापेक्षा वर नाही. विजेच्या तारेपासून ३ मीटरच्या आत कुणीही शिरू नये, तार बंद आहे असं सांगितलं तरी. जमिनीवर उभं राहून हातकरवतीने जेवढं होतं तेवढंच स्वतः करा.

कापण्याआधी ढोलीकडे पाच मिनिटं शांत उभे राहून पाहा. पिंगळे, पोपट, वटवाघळं याच जागी राहतात. घरटं नांदतं असेल आणि फांदी तातडीची नसेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

## टप्पा ७: तज्ज्ञाला बोलावताना

उंचावरचं काम, कच्चं बेचकं, ढोलीची आतली तपासणी, फांद्यांना पोलादी दोराचा आधार, ही सगळी कामं जाणकाराची. दोर फांदीभोवती गुंडाळून बांधू देऊ नका, तो वाढीबरोबर सालीत रुततो. आधाराची तपासणीही दरवर्षी लागते.

आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारा. शेंडा किती खाली आणाल? जिवंत झाडावर चढताना पायाला खिळे लावता का? काम करण्याआधी लेखी पाहणी द्याल का? पहिल्याला त्याने फूट सांगितले किंवा दुसऱ्याला हो म्हटलं, तर आभार मानून दुसरा शोधा. चांगला माणूस आधी खाली बसून बुंधा पाहतो.

## टप्पा ८: पुढची दोन वर्षं

पहिल्या वर्षी वर फारसं काही बदलणार नाही. काही फांद्या आणखी वाळतीलही, त्या आधीच्या घावाच्या असतात. घाबरून पुन्हा करवत आणू नका. जुनं झाड कधी कधी शेंडा सोडून देतं आणि खाली, आखूड डेरा धरतं. मधल्या खोडावर फुटलेले हे कोवळे फुटवे काढू नका, पुढचा डेरा त्यातूनच उभा राहणार असतो.

मोठ्या वाऱ्यापावसानंतर टप्पा १ पुन्हा करा, पंधरा मिनिटं पुरतात. वर्षातून एकदा त्याच जागांवरून फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा, डेऱ्यातून आकाश जास्त दिसतं की कमी. आच्छादन कुजून बसलं असेल तर नवा थर टाका.

खरी खूण डहाळीवर मिळते. हाताशी येणाऱ्या पाच डहाळ्यांना दोरा बांधून ठेवा आणि दोऱ्यापुढे किती नवी वाढ झाली ते दरवर्षी त्याच महिन्यात मोजून लिहा. दुसऱ्या वर्षाचा आकडा पहिल्याइतका किंवा जास्त असेल तर मुळांनी धरलं आहे. घटत असेल, तर सुतळी घेऊन पुन्हा टप्पा २ पासून, आणि या वेळी वर्तुळाच्या बाहेरच्या अर्ध्या भागाकडे जास्त लक्ष देऊन.